बोंडअळीला अंड्यातच गाठा!

शेतकरी बंधूंनो, कपाशीला पाते-फुले धरली की फवारणीच्या पंपाला उसंत नसते. पण गुलाबी बोंडअळी एकदा का कैरीत शिरली, की वरून कितीही औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१७ साली राज्यात या अळीने बीटी कपाशीचीही बोंडे पोखरली. मग तिला गाठायचे कुठे? अंड्यात!

हे काम ट्रायकोग्रामा ही इवलीशी परोपजीवी माशी करते. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. माणसाला, जनावराला तिचा उपद्रव नाही. मादी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतले पिल्लू त्या अंड्यावरच पोसते आणि सात-आठ दिवसांत बोंडअळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत ही माशी वाढवतात. ती अंडी चिकटवलेला कागद म्हणजे ट्रायकोकार्ड. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात.

वापर कसा करावा? पाते लागताच एकरी २ कामगंध सापळे लावा. पतंग सापडू लागले की एकरी ३ कार्डे, आठवड्याच्या अंतराने किमान तीन वेळा सोडा. गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात मागा. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस टाचा. कार्डावर माशा निघण्याची तारीख असते, ती आधी बघा.

सर्वांत महत्त्वाचे : कार्ड लावण्याच्या आधी व नंतर किमान आठवडाभर कीटकनाशक मारू नका. आज कार्ड अन् उद्या फवारा, म्हणजे ठेवलेला राखणदार आपणच मारला! शेजारच्या फवाऱ्यानेही माशा मरतात. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी पुढाकार घेऊन शिवाराची तारीख एकच ठरवावी.

कार्ड अंड्यावर चालते, कैरीतल्या अळीवर नाही. म्हणून डोमकळ्या वेचून नष्ट करा. दर आठवड्याला २० हिरव्या कैऱ्या फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तर कृषी खात्याच्या सल्ल्याने फवारणी करा. फरदड मात्र घेऊच नका, त्यात अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

कार्ड ही साठवून ठेवायची वस्तू नव्हे. तेव्हा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात चौकशी करून पाते लागण्यापूर्वीच मागणी नोंदवा.