पहिल्या पिस्तुलाचे वजन

अमेरिकेच्या पश्चिमेकडील माँटाना किंवा वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या मुलखात, जेथे एका गोठ्यापासून शेजारच्या गोठ्यापर्यंतचे अंतर कोसांनी मोजावे लागते आणि शेरीफच्या कचेरीत खबर पोचून त्याची गाडी दाराशी येईपर्यंत पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो, तेथील पशुपालकाच्या कमरेला पिस्तूल दिसले तर त्यात पराक्रमाचा आव क्वचितच असतो. पाय मोडून कुरणात पडलेल्या वासराच्या यातना संपवणे, पिसाळलेला स्कंक अंगणात शिरला तर त्याचा बंदोबस्त करणे, गवताच्या गंजीखाली वेटोळे घालून बसलेल्या खुळखुळ्या सापाला हटवणे, अशा रोजच्या आणि काहीशा उदास कामांसाठी ते तेथे असते. आणि त्याच मुलखात प्रथमच पिस्तूल विकत घेणारा मनुष्य जेव्हा दुकानाच्या काचेच्या कपाटापुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न कायद्यापेक्षा पदार्थविज्ञानाचा अधिक असतो. कायद्याने त्याला पुष्कळ मुभा दिलेली आहे. 1968 च्या संघीय कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदार एकवीस वर्षांखालील ग्राहकाला पिस्तूल विकू शकत नाही आणि 1993 च्या कायद्याप्रमाणे विक्रीपूर्वी ग्राहकाच्या पूर्वचरित्राची तपासणी व्हावी लागते. परंतु ते अंगावर बाळगण्याविषयी राज्याराज्यांचे कायदेकानू भिन्न असले, तरी टेक्सास आणि माँटाना या दोन्ही राज्यांनी 2021 साली त्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अटही बव्हंशी काढून टाकली. निवडीचा सारा भार अशा रीतीने ग्राहकावरच येतो.

ही निवड करताना नवशिक्याचे लक्ष प्रथम गोळीच्या शक्तीकडे जाते, आणि तेथेच विचाराला चुकीचे वळण लागते असे माझे स्पष्ट मत आहे. पिस्तूल घेणे म्हणजे मुख्यतः एक वजन पत्करणे होय. दिवसभर अंगावर वागवायचे म्हणून ते हलके असावे असे वाटते, आणि उडवताना हातात स्थिर राहावे म्हणून ते जड असावे असे वाटते. या दोन मागण्या एकाच वस्तूत पूर्णपणे भागवण्याचा मार्ग न्यूटनच्या नियमांनी बंद केलेला आहे.

होडीतून काठावर उडी मारणाऱ्याच्या पायाखालची होडी जशी मागे सरते, आणि होडी जितकी लहान तितकी ती अधिक वेगाने सरते, तसाच प्रकार येथे घडतो. अमेरिकेत 1898 च्या सुमारास प्रचारात आलेले .38 स्पेशल हे रिव्हॉल्वरचे जुने व विश्वासू काडतूस घेऊ. त्याची गोळी सुमारे 10 ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे 230 मीटर वेगाने नळीबाहेर पडते, आणि तिच्यामागून जळलेल्या दारूचे वायू तिच्याहूनही अधिक वेगाने सुटतात. या दोहोंचा एकत्रित संवेग सुमारे 2.6 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतका भरतो. एक किलो वजनाचे पोलादी रिव्हॉल्वर तेवढ्याच संवेगाने, म्हणजे सेकंदाला 2.6 मीटर वेगाने, मागे येते आणि हाताला साधारण साडेतीन ज्यूल ऊर्जा सोसावी लागते. उलटपक्षी, खिशात मावेल असे 425 ग्रॅमचे ॲल्युमिनियमचे रिव्हॉल्वर सेकंदाला सहा मीटर वेगाने तळव्यावर आदळते आणि ती ऊर्जा आठ ज्यूलच्या घरात जाते. काडतूस तेच, दारू तीच. बदलले ते केवळ शस्त्राचे वजन. याहून हलके, स्कँडियममिश्रित धातूचे सुमारे 340 ग्रॅमचे रिव्हॉल्वर घेऊन त्यात .357 मॅग्नमचे काडतूस भरले, तर ही ऊर्जा तीस ज्यूलच्या आसपास पोचते, आणि पाच बार काढल्यावर सहावा काढण्याची इच्छा अनुभवी नेमबाजालाही राहत नाही. दुकानातील कपाटात मात्र हेच शस्त्र सर्वांत मोहक दिसते. ते उचलताच त्याचा हलकेपणा मनाला पटतो, आणि 'लहान चणीच्या बाईमाणसाला हेच योग्य' असे सांगणारे सल्लागारही दुर्दैवाने भेटतात. वास्तविक, ज्याच्या हाताला शक्ती कमी त्याला हे शस्त्र सर्वांत कमी योग्य.

धक्क्याचे खरे नुकसान हाताला होते त्याहून अधिक मनाला होते. दोनचार जोरदार धक्के बसले की शरीर पुढच्या धक्क्याची आधीच तयारी करू लागते. डोळे मिटतात, मनगट आवळते आणि बार होण्यापूर्वीच नळीचे तोंड खाली झुकते. हा दोष नेमबाजाला स्वतःला कळत नाही, कारण त्याच क्षणी होणारा आवाज आणि उसळी त्याला झाकून टाकतात. म्हणून शिक्षक एक साधी तजवीज करतात. शिष्याने पाहू नये अशा बेताने रिव्हॉल्वरच्या काही कोठ्यांत खरी काडतुसे भरायची आणि काहींत निकामी. मग निकाम्या काडतुसावर घोडा नुसताच 'टक्' करून आपटतो, आणि आवाजही नाही, धक्काही नाही अशा त्या निःशब्द क्षणी नळी बोटभर खाली बुडालेली सर्वांना स्वच्छ दिसते. शिष्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य त्या वेळी पाहण्यासारखे असते. या सवयीवरचा उपाय म्हणजे कमी धक्क्याचे काडतूस पुष्कळ प्रमाणात उडवणे, आणि म्हणूनच ग्रामीण अमेरिकेतील जाणत्या घरांत पहिले पिस्तूल .22 बोअरचे असण्याची जुनी रीत आहे. अडीच ग्रॅमच्या गोळीचा धक्का जवळजवळ नगण्य, काडतुसे स्वस्त, आणि लहानसहान जनावरांसाठी शक्ती पुरेशी. मात्र तिला क्षुल्लक समजू नये. तिरक्या दिशेने उंच सुटलेली .22 ची गोळी दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते, आणि मोकळ्या कुरणात तिच्यामागे मातीचा बांध नसेल तर ती कोठे थांबेल हे उडवणाऱ्याला कळत नाही.

वजनाचा संबंध नेमाशीही आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. लहान शस्त्रावर पुढच्या व मागच्या खुणांमध्ये जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर असते. या खुणांच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर पंधरा मीटरवर गोळी पंधरा सेंटिमीटर बाजूला पडते. तेच अंतर पंधरा सेंटिमीटर असलेल्या मोठ्या शस्त्रावर तेवढ्याच चुकीने ती दहा सेंटिमीटर ढळते. शिवाय खिशातल्या रिव्हॉल्वरचा चाप ओढण्यास साधारण पाच किलोचा जोर लागतो, म्हणजे शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे बारापट. एवढा जोर देणारे बोट किंचित तिरके ओढले गेले, की पकडीला तो तोल सावरता येत नाही आणि हलकी नळी त्याच्यामागे फरफटत जाते. जड शस्त्र आपल्या जडत्वानेच अशा चुकांना काहीसा विरोध करते.

आता रिव्हॉल्वर की आपोआप भरणारे पिस्तूल, या वादाकडे वळू. सॅम्युअल कोल्टने 1836 साली फिरत्या कोठीच्या शस्त्राचे एकस्व मिळवले आणि 1873 च्या त्याच्या कंपनीच्या रिव्हॉल्वरने पश्चिमेच्या गुराख्यांच्या कमरेवर आपले स्थान पक्के केले. पण त्या प्रसिद्ध शस्त्रात सहा कोठ्या असूनही शहाणा मनुष्य पाचच काडतुसे भरत असे. घोड्याचे टोक सहाव्या काडतुसाच्या टोपणावरच टेकलेले राही, आणि खोगीर कसताना रिकीब सुटून शस्त्राच्या घोड्यावर आपटली, अथवा शस्त्र दगडावर पडले, तर ते मालकाच्याच पायात उडे. हा धोका दूर करणारी रचना पाहण्याजोगी आहे. घोडा आणि टोपणावर आघात करणारी कांडी यांच्यामध्ये पोलादाची एक छोटी पट्टी ठेवलेली असते. चाप पुरता मागे ओढलेला असेल तरच ती वर सरकून घोड्याचा आघात कांडीपर्यंत पोचवते, आणि चाप सुटला की ती खाली उतरते, म्हणजे घोड्यावर कितीही जोराने काही आदळले तरी आघात पुढे जाण्यास मार्गच उरत नाही. रूगर कंपनीने आपल्या गुराखी घाटाच्या रिव्हॉल्वरमध्ये 1973 पासून ही पट्टी बसवली. जुन्या घाटाचे शस्त्र वारशाने आले असेल तर त्यात ही पट्टी आहे की नाही, हे आधी जाणकाराकडून पाहून घ्यावे.

दुसऱ्या जातीचे श्रेय मुख्यतः यूटा राज्यातील ऑग्डेन गावी 1855 साली जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंगकडे जाते. बार झाल्यावर नळी आणि वरचा सरकता भाग काही मिलिमीटर एकत्र मागे जातात, तेवढ्या अवधीत गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरतो, आणि मग नळीचे मागचे टोक खाली झुकून ती सरकत्या भागापासून सुटी होते. तो भाग एकटाच पुढे मागे जाऊन रिकामे काडतूस फेकतो आणि नवे आत ढकलतो. आजची बहुसंख्य पिस्तुले, ऑस्ट्रियाच्या लष्कराने 1982 साली स्वीकारलेले प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे ग्लॉकसुद्धा, या तत्त्वावरच चालतात. धक्क्याचा काही भाग येथे यंत्राच्या कामी येतो आणि उरलेला स्प्रिंगमुळे अधिक काळावर पसरतो, म्हणून तो हाताला मऊ लागतो. परंतु मनगट ढिले असेल तर सांगाडाही सरकत्या भागाबरोबर मागे जातो, त्या भागाचा प्रवास अपुरा राहतो आणि काडतूस अडकते. रिव्हॉल्वरला अशी अपेक्षा नसते. सापासाठी वापरतात ती बारीक छऱ्यांची काडतुसेही स्वयंभरण पिस्तुलात बहुधा अडखळतात, तर रिव्हॉल्वरमध्ये पहिल्या दोन कोठ्यांत छर्रे आणि पुढच्यांत गोळ्या बिनदिक्कत भरता येतात. गुराढोरांत वावरणाऱ्याने रिव्हॉल्वर घ्यावे आणि मुख्यतः गावात व मोटारीत वावरणाऱ्याने मध्यम आकाराचे 9 मिलिमीटर पिस्तूल घ्यावे, असा कौल मी देईन. दोन्ही बाबतींत पाऊण किलोच्या खाली जाण्याचा मोह मात्र आवरावा.

गोळीच्या शक्तीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. 11 एप्रिल 1986 रोजी मायामी शहराजवळ संघीय गुप्तपोलीस आणि दोन दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीत एका 9 मिलिमीटर गोळीने दरोडेखोराचा दंड भेदून छातीत प्रवेश केला, पण ती हृदयापासून अगदी थोड्या अंतरावर थांबली; त्यानंतरही तो लढत राहिला आणि दोन अधिकारी प्राणाला मुकले. या घटनेच्या चौकशीतून गोळ्यांच्या परीक्षेची आजची रीत आकाराला आली. डुकराच्या कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे दहा टक्क्यांचे घट्ट द्रावण सुमारे चार अंश सेल्सियसला ठेवून त्यात गोळी झाडायची, आणि ती तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर खोल गेली तर समाधानकारक मानायची. संघीय खात्याने प्रथम अधिक शक्तीचे 10 मिलिमीटर काडतूस घेतले. ते अनेकांच्या हाताला सोसेना, म्हणून 1990 साली त्याचे आखूड भावंड .40 आले; आणि सुमारे पंचवीस वर्षांनी, दरम्यान गोळ्यांची घडण सुधारल्यामुळे, तेच खाते 9 मिलिमीटरवर परत आले, कारण कमी धक्क्याच्या शस्त्राने अधिकाऱ्यांचा नेम अधिक जलद व अचूक लागतो असे दिसून आले. अस्वलांच्या मुलखात मात्र याहून जड काडतुसाचा आग्रह धरला जातो. त्याविषयी एवढेच नमूद करतो की, अलास्कातील प्रसंगांचा अभ्यास करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तपकिरी अस्वलांवर मिरचीच्या अर्काचा फवारा वापरल्यावर शेकडा 92 प्रसंगी ती परावृत्त झाली. धावून येणाऱ्या जनावरावर थरथरत्या हाताने एक बारीक गोळी बसवण्यापेक्षा फवाऱ्याचा ढग समोर उभा करणे पुष्कळ सोपे आहे.

आपल्याकडे ही सारी चर्चा फार अरुंद वाटेने चालते. 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या दप्तरातून मिळवावा लागतो, 9 मिलिमीटर आणि .38 ही काडतुसे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि कोकणातील रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कायद्याला अभिप्रेत असलेले हत्यार पिस्तूल नसून ठासणीची बंदूक आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे .32 बोअरचे रिव्हॉल्वर येथील परवानाधारकाच्या वाट्याला येते; 2014 साली तेथेच काढलेले 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असून अवघे अर्धा किलो भरते, आणि काडतूस सौम्य असल्यामुळेच तेवढे हलके शस्त्र हाताला सोसते.

आवाजाविषयी अमेरिकेतही अक्षम्य हेळसांड होते. पिस्तुलाच्या बाराचा आवाज बहुधा 150 ते 165 डेसिबलपर्यंत जातो, आणि 140 डेसिबलच्या पुढचा एकच स्फोटही अंतःकर्णातील केशपेशी कायमच्या नष्ट करू शकतो; त्या पुन्हा उगवत नाहीत. आखूड नळीत वायू अधिक दाबाने बाहेर पडत असल्यामुळे खिशातले शस्त्र येथेही अधिक त्रासदायक ठरते. कानांचे संरक्षक पिस्तुलाबरोबरच विकत घ्यावेत, आणि त्यांच्याबरोबर शस्त्र कुलपात ठेवण्यासाठी एक पोलादी पेटीही घ्यावी.

या पेटीचा विषय ग्राहकाला गौण वाटतो, पण तो मुळीच गौण नाही. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षे मागोवा घेऊन 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आणि स्त्रियांत सातपटीहून अधिक आढळले, आणि पिस्तुलाने होणाऱ्या आत्महत्यांचा धोका पहिले पिस्तूल घेतल्यानंतरच्या लगतच्या काळात सर्वांत तीव्र होता. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ज्या संकटासाठी मनुष्य शस्त्र घरात आणतो ते बाहेरून येणारे असते अशी त्याची समजूत असते. परंतु कर्ज, दुष्काळ, एकाकीपणा यांनी खचलेल्या शेतघरात ते आतूनही येते, आणि ती तीव्र अवस्था पुष्कळदा अल्पकाळच टिकणारी असते, म्हणून त्या काळात हत्यार आणि हात यांच्यामध्ये कुलूप, किल्ली, शेजारी असे काहीही उभे राहिले तरी जीव वाचू शकतो. न्यू हॅम्पशायर राज्यात बंदूकविक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन दुकानांसाठी पत्रके तयार केली आहेत; ग्राहक अस्वस्थ दिसला तर विक्री कशी टाळावी हे त्यांत विक्रेत्याला सांगितलेले आहे, आणि घरातले कोणी खचलेले असेल तर शस्त्र काही दिवस विश्वासू मित्राच्या स्वाधीन करावे, असे ग्राहकाला.