खाण बंद झाली, तरी वरची जमीन का खचते?

मंडळी, चिकलठाण्यात बसून कोळशाच्या खाणीबद्दल बोलायचं म्हणजे गोष्ट जरा लांबची वाटते. आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसाल्ट, कोळसा नाही. पण आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस इथे, २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. हादरे जाणवले म्हणून घरातली माणसं बाहेर पळाली आणि वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरं रिकामी करावी लागली. खाली होती जुनी, बंद पडलेली भूमिगत खाण.

काही बातम्यांत याला ‘भूस्खलन’ म्हटलं गेलं. तो शब्द इथे बसत नाही. माळीणला २०१४ साली डोंगर घसरला, ते भूस्खलन. इथे जमीन सरळ खाली बसली.

आता हे घडतं कसं? भूमिगत खाणीत कोळशाच्या थरात आडवे-उभे बोगदे काढतात आणि मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. वरचं सगळं ओझं त्या खांबांवर. पुढे पुष्कळ ठिकाणी हे खांबही काढून घेतात आणि छत पडू देतात. थर खोल असेल तर वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो: कडेला जमीन ताणली जाऊन भेगा पडतात, मध्यभागी ती दाबली जाते. म्हणून भिंत कुठे फाटते, तर कुठे फुगते.

थर उथळ असेल तर प्रकरण जास्त धोक्याचं. छताचा दगड तुटून पडला की तो फुगतो, जास्त जागा व्यापतो. समजा, पोकळी ३ मीटर उंच आहे आणि दगड एक तृतीयांश फुगला, तर साधारण ९ मीटर पडझड झाल्यावर पोकळी आपोआप भरायला हवी. हिशेब छान आहे, पण ढिगारा तो पाळत नाही. बोगद्यांच्या चौकात तो चारी बाजूंना पसरतो, पाणी त्याला वाहून नेतं. मग पोकळी वर वर सरकत राहते, आणि एक दिवस वर फक्त माती उरते.

याला वेळ किती लागेल? ठरलेला नाही. खांबांचे पापुद्रे सुटत जातात, पाण्याने दगड नरम पडतो. पंप बंद झाल्यावर खाणीत भरलेलं पाणी छताला थोडा आधारही देतं. ते उपसलं की तो आधार जातो.

उपाय माहीत आहेत. पाण्याबरोबर नदीची वाळू आत सोडून पोकळी भरतात. वस्तीखाली, रेल्वेखाली खांब काढायचे नाहीत. पण आमच्या मते खरी अडचण नकाशांची आहे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी अनेक खाणी खासगी मालकांच्या होत्या, आणि त्या काळचा नकाशा हरवला किंवा अर्धवट असला, तर वर घर बांधणाऱ्याला खाली काय आहे हे कळणार कसं? मग जमिनीत भोकं पाडून पोकळी शोधावी लागते, तीही वस्ती उभी राहिल्यावर.