पहिल्यानें बोलणाऱ्याचीं पानें

पत्त्यांचा विषय निघाला कीं घरांतील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष त्या खेळास निव्वळ दैवाचा मानतो. दुसरा त्यांत बुद्धीचाच भाग मोठा, असें प्रतिपादितो. पोकर नांवाच्या अमेरिकन खेळाविषयीं तर ‘हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे,’ असें घरांतील तरुण मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. हा वाद रागानें किंवा कौतुकानें मिटावयाचा नाहीं. म्हणून त्या खेळांतील एकच प्रश्न आम्ही गणितानें तपासून वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यास सर्वांच्या आधीं बोलावें लागतें, त्यानें कोणतीं पानें घेऊन डावांत उतरावें?

या खेळाचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘टेक्सास होल्डेम’ होय. रॉब्सटाउन हें गांव त्याचें जन्मस्थान असल्याचें टेक्सासच्या विधिमंडळानें २००७ सालीं मान्य केलें. प्रत्येक खेळाडूस दोन पानें उपडीं मिळतात. पुढें सर्वांसाठीं मिळून पांच पानें मध्यें उघडीं मांडतात. या सातांतून ज्याच्या पांच पानांचा मेळ उत्तम, त्याचा डाव. मधून मधून पैजेच्या फेऱ्या होतात. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांनीं पानें पाहण्यापूर्वींच ठराविक रक्कम मांडावयाची असते. त्यामुळें पहिल्या फेरींत पहिला निर्णय त्यांच्या पुढच्या खेळाडूवर येऊन पडतो. नऊ जण बसले असतां त्याच्या मागून आठ जण बोलावयाचे असतात, आणि त्यांच्यापैकीं एकाचेंहि मन त्यास कळलेलें नसतें. उलट, वाटणाऱ्याची पाळी येईपर्यंत सहा जणांचे निर्णय उघड झालेले असतात.

या भेदाचें मोल केवढें, तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, हातीं एक्का आणि दश्शी आली. एक इस्पिकचें पान, दुसरें बदामाचें. एक्का दिसतांच नवशिक्याची कळी खुलते. परंतु उरलेल्या ५० पानांतून दोन पानें १२२५ प्रकारांनीं येऊं शकतात, आणि त्यांतील ६० प्रकार आपल्या पानांना स्पष्टपणें भारी आहेत: एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम असे ३६, राजांच्या, राण्यांच्या व गुलामांच्या जोड्या १८, एक्क्यांच्या ३ आणि दश्श्यांच्या ३. म्हणजे एखाद्या प्रतिस्पर्ध्याजवळ असें कांहीं असण्याचा संभव शंभरांत अवघा पांच. पण आठ जण मागें असतां, त्यांच्यापैकीं कोणा एकाजवळ तरी तें असण्याचा संभव शंभरांत सुमारें तेहतीसवर जातो. तींच पानें वाटणाऱ्यास आलीं, आधींच्या सर्वांनीं आपलीं पानें टाकून दिलीं व मागें दोघेच उरले, तर तो संभव दहाच्या आसपास उतरतो. पानें तींच, बदलली ती केवळ जागा.

धोका एवढ्यावरच थांबत नाहीं. एक्का-राजासमोर एक्का-दश्शी चार डावांत सुमारें एकदांच जिंकते. शिवाय मध्यें एक्का उघडला तर दोघांचीहि जोडी जमते. आपला नवशिका हर्षानें पैज वाढवितो, आणि तोच हर्ष त्यास महागांत पडतो.

म्हणून काटेकोर खेळणारे पहिल्या जागेवरून फारच थोड्या पानांवर उतरतात. सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एक्का-गुलाम व राजा-राणी, पण हीं शेवटचीं दोन्ही एकाच रंगाचीं असलीं तरच. कोणी ही यादी थोडी वाढवितो, कोणी आखडती घेतो. एकंदर १३२६ प्रकारांपैकीं हे अनुक्रमें ४८, १६, १६ व ८, मिळून ८८ होतात. म्हणजे पंधरांत एक! उरलेल्या चौदा वेळीं पानें निमूटपणें टाकून द्यावयाचीं व इतरांचा खेळ पाहत बसावयाचें.

तेव्हां तरुणांचा पक्ष अगदींच खोटा नाहीं, हें वडीलमंडळींनीं मान्य करावें. या खेळांत कौशल्य आहे. पण तें पुष्कळसें पानें टाकण्यांत आहे, हें तरुणांनींहि लक्षांत घ्यावें. तासन्‌तास कांहीं न करतां बसणें ज्यास साधत नाहीं, त्याचें कौशल्य पहिल्याच जागेवर संपतें. शिवाय जेथें खेळघर डावांतील रकमेतून आपला वांटा काढून घेतें, तेथें सारखेच कुशल नऊ जण दीर्घकाळ खेळत राहिले, तर नऊहि जण अखेर तोट्यांत जातात. कारण खेळघराचा वांटा कोणाच्या तरी खिशांतूनच जावयाचा. इतरांहून नुसतें बरें असून भागत नाहीं. तो वांटा भरून निघेल इतकें बरें असावें लागतें. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला, त्यामागेंहि घरोघरच्या अशाच तोट्यांची चिंता होती.

घरांतील कोणी तरुण आपल्या कौशल्याची ग्वाही देऊं लागला, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं वडिलांनीं शांतपणें एकच प्रश्न विचारावा: ‘पहिल्या जागेवर बसलास म्हणजे पंधरांपैकीं किती वेळां पानें टाकतोस?’ उत्तर चौदाच्या जवळपास आलें, तर त्यास निदान खेळाचें गणित कळलें आहे, असें समजावें. तें सात-आठ आलें, तर तो ज्यास कौशल्य म्हणतो तें दैवच आहे. आणि दैवावर घरचा पैसा लावूं नये, हें सांगावयास गणिताचीहि गरज नाहीं.