अध्यक्ष एका वर्षाचा, काम अनेक वर्षांचं: रोटरी, लायन्स, जेसीआयमध्ये सदस्यांना नेमकं काय शिकवतात?

जुलै महिना लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या स्थानिक वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते. 'अमुक क्लबचा पदग्रहण सोहळा उत्साहात.' मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर घालतात, सचिव आणि खजिनदार शपथ घेतात, वर्षभराच्या उपक्रमांची घोषणा होते आणि शेवटी जेवण. पुढच्या जुलैत हीच बातमी पुन्हा येते, फोटोतली माणसं तेवढी बदललेली असतात.

बाहेरून बघणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. दरवर्षी सगळं मंडळच बदलत असेल तर काम पुढे जातं कसं? कालपर्यंत वीज केंद्रात शिफ्ट सांभाळणारा इंजिनिअर किंवा बाजारपेठेतला कापड दुकानदार अचानक नेत्र शिबिर, रक्तदान, लाखांचा हिशोब आणि पन्नास माणसांची सभा कशी सांभाळतो?

याचं उत्तर आहे प्रशिक्षण. ते कसं चालतं आणि ते झालं नाही तर काय बिघडतं, हे समजून घेऊया.

दीपनगरसारख्या वसाहतीत हा प्रश्न जास्त टोकदार का?

भुसावळजवळचं दीपनगर म्हणजे औष्णिक वीज केंद्राची वसाहत. आधी राज्य वीज मंडळाचं आणि २००५ मध्ये मंडळाची विभागणी झाल्यापासून महानिर्मितीचं असलेलं हे केंद्र राज्यातल्या मोठ्या वीज केंद्रांपैकी एक आहे. ५०० मेगावॅटचे दोन संच इथे आहेत आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा संचही उभा राहिला.

भुसावळ परिसरात असे आणखी मोठे मालक आहेत. मध्य रेल्वेचा विभाग आहे, भुसावळ आणि वरणगाव इथले आयुध निर्माणी कारखाने आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. इथे राज्यभरातून किंवा देशभरातून माणसं नोकरीसाठी येतात, क्वार्टरमध्ये राहतात आणि अनेकांना बदली किंवा निवृत्तीनंतर गाव सोडावं लागतं.

अशा ठिकाणी सेवाभावी क्लब दोन कामं करतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला ओळखीची माणसं मिळतात. आणि वसाहतीच्या भिंतीबाहेरच्या गावांशी वसाहतीचा संबंध जुळतो. पण ज्याच्या डोक्यात सगळी माहिती आहे त्याच सदस्याची बदली झाली तर उपक्रमही त्याच्यासोबत निघून जातो. म्हणून अशा गावांत एका माणसाची हौस पुरत नाही, पुढची फळी तयार असावी लागते.

तीन क्लब, तीन वाटा

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेल्या अशा संघटना प्रामुख्याने तीन. तिघींचाही उगम अमेरिकेतला.

रोटरी सर्वांत जुनी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांसोबत पहिली बैठक घेतली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला एका व्यवसायाचा एकच सदस्य, असा नियम होता. तो पुढे सैल झाला, तरी क्लबमध्ये वेगवेगळ्या पेशांची माणसं असावीत हा आग्रह कायम आहे. जळगाव, धुळे आणि नाशिकपासून विदर्भातल्या नागपूरपर्यंतचे क्लब रोटरीच्या ३०३० या प्रांतात येतात.

लायन्सची सुरुवात १९१७ मध्ये, तीही शिकागोचेच विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचं आवाहन केलं. लायन्स म्हटलं की नेत्र शिबिर आणि नेत्र रुग्णालय आठवतं, त्याचं मूळ इथे आहे. भारतातला पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाला.

तिसरी जेसीआय, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी असलेली 'जेसीज'. १९१५ मध्ये सेंट लुईस शहरात हेन्री गिसेनबायर यांनी तरुणांची संघटना सुरू केली, त्यातून ही चळवळ वाढली. सदस्यत्व १८ ते ४० वयापर्यंत. बाकी दोन क्लबमध्ये सेवा हा मुख्य हेतू आणि प्रशिक्षण हे साधन आहे. जेसीआयमध्ये तरुणांना घडवणं हाच मुख्य हेतू. म्हणून तिथे प्रशिक्षकांचीच एक उतरंड आहे. स्थानिक सदस्य शिकतो, मग झोनचा प्रशिक्षक होतो आणि पुढे राष्ट्रीय पातळीवर शिकवायला जाऊ शकतो.

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, जेसीआयचं जानेवारीत.

नवा सदस्य पहिल्यांदा काय शिकतो?

या क्लबमध्ये साधारणपणे जुना सदस्य नव्याची शिफारस करतो. ती मंजूर झाली की नव्या सदस्याला क्लबची ओळख करून दिली जाते. वर्गणी किती, त्यातली किती प्रांताकडे आणि आंतरराष्ट्रीय संघटनेकडे जाते, सभा कधी असतात, कोणत्या समित्या आहेत, हे सांगितलं जातं. मग त्याच्या शर्टावर पिन लागते.

त्यानंतरचं शिक्षण वर्गात होत नाही, सभेत होतं. सभा वेळेवर सुरू करणं, विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, ठराव मांडणं, त्याला अनुमोदन देणं, आभार मानणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बचत गट असो, सहकारी सोसायटी असो की शाळेची व्यवस्थापन समिती, सगळीकडे हेच लागतं.

भाषणाचंही तसंच. घरी, शेतात, कट्ट्यावर अहिराणी किंवा लेवा गणबोलीत तासभर रंगवून सांगणारा माणूस माइकसमोर उभा राहिला की दोन वाक्यांत संपतो. जेसीआयच्या भाषणकलेच्या कार्यशाळेत नेमका हाच अडसर काढला जातो. तीन मिनिटं बोलायचं, वेळ संपली की थांबायचं आणि बाकीच्यांनी काय चुकलं ते तोंडावर सांगायचं.

रोटरीत आणखी एक गोष्ट शिकवतात, चतुःसूत्री कसोटी. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर यांनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची आपली भांडी बनवणारी कंपनी सावरताना ती लिहिली. आपण करतो ते खरं आहे का, न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव वाढेल का आणि त्यात सगळ्यांचं भलं आहे का, हे स्वतःला विचारायचं.

अध्यक्ष होण्याआधीची शाळा

रोटरी क्लबचा अध्यक्ष खुर्चीवर बसण्याच्या दीड-दोन वर्षं आधीच ठरतो. मधल्या काळात त्याला 'पेट्स' नावाच्या प्रशिक्षणाला जावं लागतं. हे भावी अध्यक्षांसाठीचं चर्चासत्र असतं आणि ते ऐच्छिक नाही. क्लबच्या घटनेतच त्याची अट आहे, सूट हवी असेल तर भावी प्रांतपालांची परवानगी लागते. सचिव, खजिनदार आणि समितीप्रमुखांसाठी प्रांताचं वेगळं प्रशिक्षण असतं.

लायन्समध्येही क्लब, झोन, रिजन आणि प्रांत अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवरच्या पदाधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण असतं आणि पुढच्या जबाबदाऱ्यांची तयारी करणाऱ्यांसाठी नेतृत्व संस्था नावाची काही दिवसांची निवासी शिबिरंही होतात.

या सगळ्याचा थेट संबंध पैशाशी आहे. रोटरी फाउंडेशनचं मोठं अनुदान हवं असेल तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. त्यासाठी क्लब आधी पात्र ठरावा लागतो. क्लबच्या किमान एका सदस्याने अनुदान व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घ्यायचं, अध्यक्षांनी करारावर सही करायची आणि हिशोबाची कागदपत्रं किमान ५ वर्षं जपून ठेवायची. म्हणजे कुणी प्रशिक्षणाला गेलंच नाही, तर ग्रामीण रुग्णालयाला डायलिसिस यंत्र देण्याची योजना कितीही चांगली असली तरी अर्जच पुढे सरकत नाही.

शिकलेलं कामात कसं दिसतं?

तीन नेहमीचे उपक्रम पाहूया.

*रक्तदान.* क्लबच्या वर्धापनदिनी एकाच दिवशी दीडशे पिशव्या गोळा झाल्या तर बातमी मोठी होते. पण लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. पुरुष ९० दिवसांनी आणि महिला १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करू शकतात. त्यामुळे एकाच दिवशी सगळे दाते संपवले तर पुढचे तीन महिने गावाची पाटी कोरी. जाणकार क्लब आधी परवानाधारक रक्तपेढीला विचारतो की तुम्हाला किती आणि कधी लागणार आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, ऊन तापलेलं असतं आणि दाते मिळत नाहीत. तेव्हा घेतलेलं चाळीस पिशव्यांचं शिबिर जास्त उपयोगाचं ठरतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ या अटी आधीच सांगितल्या तर लोकांचा हेलपाटाही वाचतो.

*नेत्र शिबिर.* पूर्वी शाळेत किंवा तंबूत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया व्हायच्या. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे सरकारी धोरण बदललं. आता गावात फक्त तपासणी होते, शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच. क्लबचं काम म्हणजे यादी, वाहन, जेवण आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नंतरची विचारपूस. आजी दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आली का, थेंब वेळेवर घालते का, फेरतपासणीला कोण आणणार? एकेका रुग्णाची जबाबदारी एकेका सदस्यावर नावानिशी टाकली, तरच ही कामं होतात.

*वृक्षारोपण.* सगळ्यात जास्त फोटो याचेच, आणि सगळ्यात जास्त अपयशही इथेच. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. जुलैत लावलेलं रोप मे महिन्यात जगलं का, हा खरा हिशोब. आणि तोवर अध्यक्ष जायच्या बेतात असतात. शिकलेला क्लब ५०० खड्ड्यांऐवजी ५० खड्डे घेतो, कडुनिंब-करंजसारखी इथल्या उन्हात तगणारी झाडं निवडतो, पाण्याचं वेळापत्रक ठरवतो आणि किमान तीन वर्षांचा खर्च आधीच बाजूला काढतो. पुढच्या दोन अध्यक्षांची संमती त्यासाठी आजच घ्यावी लागते.

अनेक वर्षं एकच काम चिकाटीने केलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण पोलिओचं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. त्यानंतर २५ हून अधिक वेळा अध्यक्ष बदलले, मोहीम बदलली नाही. सरकारी आरोग्य यंत्रणा, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि हजारो स्वयंसेवकांच्या कष्टांनंतर भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

महिला आणि तरुण कुठे आहेत?

हे क्लब दीर्घकाळ पुरुषांचेच होते. रोटरी सदस्यांच्या पत्नींनी इंग्लंडमध्ये १९२४ मध्ये इनर व्हील ही वेगळी संघटना उभी केली, ती आज महाराष्ट्रातही जोमात आहे. लायन्सने १९८७ मध्ये महिलांना सदस्यत्व खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीविरुद्ध निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला.

तरुणांसाठी वेगळ्या शाखा आहेत. रोटरीचा इंटरॅक्ट १२ ते १८ वयासाठी आणि रोटरॅक्ट १८ च्या पुढे. लायन्सचे लिओ क्लब १२ ते ३० वयासाठी. याशिवाय रोटरीचं 'रायला' हे तरुणांसाठीचं नेतृत्व शिबिर आहे. वसाहतीतल्या मुलांच्या दृष्टीने याचं महत्त्व मोठं आहे, कारण वसाहतीची शाळा संपली की अनेकांना शिक्षणासाठी पुणे-नाशिक गाठावं लागतं. अनोळखी माणसांशी बोलायची आणि काम वाटून घ्यायची सवय तिथे उपयोगी पडते.

टीका काय होते?

टीका नवी नाही आणि बरीचशी खरीही आहे. वर्गणी, जेवणं आणि परिषदांचा खर्च पगारदार किंवा छोट्या दुकानदाराला झेपत नाही. काही ठिकाणी खर्चाचा मोठा वाटा सोहळ्यांवर जातो. प्रशिक्षणाच्या नावाखाली हॉटेलात भाषणं होतात आणि परत आल्यावर कुणी फाइल उघडत नाही. प्रत्येक अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा नवा उपक्रम हवा असतो, त्यामुळे आधीच्याने सुरू केलेली पाणपोई किंवा वाचनालय पोरकं होतं.

यावर साधे उपाय आहेत. मावळता, विद्यमान आणि भावी अध्यक्ष अशा तिघांनी मिळून तीन वर्षांची योजना करायची. प्रत्येक उपक्रमाची एक वही ठेवायची, ज्यात संपर्क, खर्च आणि झालेल्या चुका लिहिलेल्या असतील. बदली झालेल्या सदस्याने निघण्याआधी ती पुढच्याच्या हाती द्यायची.

सदस्य होण्याआधी काय विचारावं?

कुणी क्लबमध्ये येण्याचं आमंत्रण दिलं तर चार प्रश्न जरूर विचारा. वर्षाचा एकूण खर्च किती? मागच्या तीन वर्षांतले कोणते उपक्रम आजही चालू आहेत? गेल्या वर्षीचा हिशोब सदस्यांसमोर मांडला गेला का? आणि नव्या सदस्याला पहिल्या सहा महिन्यांत कोणतं काम दिलं जातं?

शेवटच्या प्रश्नाला 'सध्या फक्त सभेला या' असं उत्तर मिळालं, तर तिथे शिकायला फारसं मिळणार नाही. 'शिबिराची नोंदणी तुमच्याकडे' असं उत्तर मिळालं, तर एखाद्या सभेला जाऊन बघायला हरकत नाही. वर्गणी झेपत नसेल तरी रस्ता बंद होत नाही. पुढच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसायला, आजोबांना गाडीत बसवून द्यायला आणि झाडांना पाणी घालायला माणसं नेहमीच कमी पडतात.