शब्द, जमाव आणि पोलीस ठाणे

मासवण हे सूर्या नदीच्या काठचे, पालघर-मनोर रस्त्यावरील गाव. दाखला काढायचा असो, न्यायालयात तारीख असो की रुग्णाला दवाखान्यात न्यायचे असो, येथील माणसाला पालघर गाठावेच लागते. त्या शहरात हुतात्म्यांचे स्मारक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी परक्या सत्तेला 'चालते व्हा' असे सांगण्यासाठी निघालेल्या मोर्चावर तेथे गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठोसर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी व सुकूर मोरे हे पाच जण धारातीर्थी पडले. दरवर्षी त्या दिवशी पालघर त्यांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होते. सत्तेला न रुचणारा शब्द जाहीरपणे उच्चारण्याची किंमत काय असते, हे या तालुक्याला कोणी शिकवावे लागत नाही.

त्याच पालघरात, त्यानंतर बरोबर सत्तर वर्षांनी, दोन तरुणींना काही ओळींसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. त्या घटनेची चर्चा साऱ्या जगात झाली आणि तिच्यातून निघालेल्या प्रश्नाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने दिला. आज युरोपातील जुन्या लोकशाही देशांत मतस्वातंत्र्याच्या मर्यादांवरून जो वाद पेटला आहे, तो समजून घेण्यासाठीही पालघरचा हा अनुभव उपयोगी पडेल. म्हणून त्याची उजळणी करणे अगत्याचे आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये काय घडले?

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर लोटलेला जनसागर सर्वांनी पाहिला. लाखो माणसांचे ते दुःख खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच दिवशी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसे रोजच जातात आणि जग पुढे चालतच राहते. आज सारे बंद आहे ते आदराने नव्हे तर भीतीने. ज्यांच्यामुळे आपण स्वतंत्र झालो त्या हुतात्म्यांसाठी आपण कधी दोन मिनिटे थांबलो का, असा त्या मजकुराचा आशय होता. तिच्या एका मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. एवढाच काय तो 'गुन्हा'.

संध्याकाळ होईतो मजकुराची वार्ता शहरभर झाली. तरुणीने तो काढून टाकला, क्षमाही मागितली. तरी जमाव जमला आणि तिच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. ज्या रात्री पोलिसांनी रुग्णालय आणि ते कुटुंब यांचे रक्षण करावयाचे, त्या रात्री या दोघी ठाण्यात होत्या आणि १९ तारखेला सकाळी त्यांना रीतसर अटक झाली. प्रथम धार्मिक भावना दुखावल्याचे कलम २९५-अ लावण्यात आले. बंदविषयीच्या मतात धर्म कोठे आला, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा ते कलम जाऊन भारतीय दंडसंहितेचे ५०५ (२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ ही कलमे आली. आधी अटक, मग कलमाचा शोध, असा तो उलटा प्रवास होता. दोघींना प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या जामिनावर सोडण्यात आले.

पुढे देशभर टीका झाली, चौकशी झाली, जबाबदार पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या निलंबनाच्या निषेधार्थ २८ नोव्हेंबरला पालघर बंद पाळण्यात आला! बंदविषयी शंका घेणारीला अटक झाली आणि ती अटक चुकीची ठरली, तेव्हा त्यालाही उत्तर बंदनेच मिळाले. २०१३ च्या प्रारंभी पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला व न्यायालयाने तो स्वीकारला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. त्या तरुणीने विचारलेला प्रश्न काही अघटित नव्हता. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरण्याचा आदेश दिला होता. बंद स्वेच्छेचा की सक्तीचा, हा प्रश्न न्यायासनाला विचारार्ह वाटतो. तोच एका विद्यार्थिनीने विचारला तर तो अपराध कसा ठरावा? दुसरी गोष्ट अशी की ज्यांच्या निधनावरून हे घडले ते स्वतः व्यंगचित्रकार होते. 'मार्मिक' हे साप्ताहिक त्यांनी १९६० साली काढले. मोठ्या माणसांची टोपी उडवण्याचे स्वातंत्र्य हाच व्यंगचित्रकाराच्या धंद्याचा पाया. त्या स्वातंत्र्यावर ज्यांचे सार्वजनिक जीवन उभे राहिले, त्यांच्या नावाने ते दुसऱ्याला नाकारले जावे, हा दैवदुर्विलास होय.

परदेशातून आलेले शब्द

कलम ६६-अ मधील शब्दांची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. २००८ च्या दुरुस्तीने ते आपल्या कायद्यात आले. 'अत्यंत आक्षेपार्ह' किंवा 'धमकावणीच्या स्वरूपाचा' मजकूर, तसेच त्रास वा गैरसोय करण्यासाठी पाठवलेला संदेश यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. हे शब्द आपल्या संसदेच्या बुद्धीतून निघालेले नव्हेत. ब्रिटनच्या २००३ च्या दळणवळण कायद्याच्या १२७ व्या कलमात ते जवळजवळ जसेच्या तसे आहेत आणि तेथे ते १९३५ च्या टपाल खात्याच्या कायद्यातून उतरले आहेत. त्या जुन्या कायद्याचा रोख टेलिफोनवरून अश्लील व धमकीचे बोलणाऱ्यांवर होता. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या कानात ओतलेल्या घाणीसाठी योजलेले शब्द चौकात उभे राहून मांडलेल्या मताला लावले गेले. तेथेच सारा घोटाळा झाला.

ब्रिटनमध्येही तो झालाच. २०१० साली बर्फामुळे विमानतळ बंद पडल्याने वैतागलेल्या एका तरुणाने तो विमानतळ उडवून देण्याची थट्टा ट्विटरवर केली. ती थट्टा आहे हे दिसत असूनही त्याला दोषी ठरवून दंड झाला. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले ते जुलै २०१२ मध्ये, म्हणजे पालघरच्या अटकेच्या अवघे चार महिने आधी. लंडनमध्ये जे शहाणपण आले होते ते पालघरच्या ठाण्यापर्यंत पोहोचले नव्हते.

ते पोहोचवले आपल्या सर्वोच्च न्यायालयाने. पालघरच्या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. निकालाचे सार असे की एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि हिंसेला चिथावणी देणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असोत, त्यांना घटनेचे संरक्षण आहे. कायद्याचा हात तिसरीवरच पडावा. घटनेच्या अनुच्छेद १९ (२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, चिथावणी ही त्यांत आहेत. 'त्रास' आणि 'गैरसोय' ही मात्र नाहीत.

तथापि कायदा मेला म्हणजे त्याचा वापर थांबतोच असे नाही. रद्द झालेल्या ६६-अ खाली देशभरच्या ठाण्यांत गुन्हे नोंदले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढून, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे बजावावे लागले. साडेसात वर्षे निकाल दिल्लीतच राहिला आणि ठाण्यातील नोंदवही आपल्या वाटेने चालली.

मर्यादा नकोतच काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शब्दांनी माणसे मरत नाहीत काय? मरतात, आणि त्याचा पुरावा शोधायलाही पालघर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा परिसरात पसरल्या होत्या. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने पाच जणांचे बळी घेतले होते. अफवा हे मत नव्हे. 'बंद भीतीने पाळला गेला' हे मत आहे. ते खोडून काढता येते. 'तो पाहा चोर, धरा, मारा' हे मत नाही. ती हाक आहे आणि तिला उत्तर देण्याइतका वेळ मरणाऱ्याला मिळत नाही. मर्यादेची रेषा नेमकी येथे आहे.

गडचिंचलेच्या हत्येनंतर आणखी एक अफवा उठली. तिने घटनेला धार्मिक रंग दिला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्यांची यादी जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. खोट्या शब्दावर वेळेवर उच्चारलेला खरा शब्द हेच सर्वांत जलद औषध ठरते, हा त्यातील बोध.

युरोपातील पेच याच दोन टोकांमधला आहे. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १९७६ साली म्हटले की जे विचार दुखावतात, धक्का देतात, अस्वस्थ करतात त्यांनाही संरक्षण आहे. त्यावाचून लोकशाही समाज संभवत नाही. मात्र त्याच निकालात पुस्तकावरील बंदी न्यायालयाने वैध ठरवली! जर्मनीने हिटलरचा अनुभव घेतला असल्याने द्वेषाची चिथावणी व ज्यूंच्या हत्याकांडाचा इन्कार हे तेथे गुन्हे आहेत, आणि ज्यांचे आप्त त्या छावण्यांत मेले त्यांच्यापुढे या कायद्याला नावे ठेवणे सोपे नाही. पण त्याच देशात राजकारण्यांच्या अवमानासाठीही कलम आहे आणि २०२४ साली एका मंत्र्याला मूर्ख म्हणणाऱ्या चित्राच्या प्रकरणात एका निवृत्त गृहस्थाच्या घराची पोलिसांनी झडती घेतली. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन बालिकांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या ओळखीविषयी खोटी बातमी पसरली आणि जमावांनी मशिदीवर व निर्वासितांच्या निवासस्थानांवर हल्ले केले. चिथावणी देणाऱ्यांना तेथे तुरुंगवास झाला. एकीकडे गडचिंचले, दुसरीकडे पालघर. युरोपालाही दोन्हींतून जावे लागत आहे. हिंसेची हाक रोखण्यासाठी केलेली कलमे मंत्र्यांचा मानापमान सांभाळू लागली की लोकशाहीची प्रकृती बिघडू लागल्याचे ओळखावे.

मासवणला याचे काय?

हे सारे शहरी, शिकलेल्या माणसांचे विषय. आदिवासी पाड्यांना, शेतकऱ्याला, मच्छीमाराला त्याचे काय, असे कोणी विचारील. वस्तुस्थिती उलट आहे. मोठ्या पत्राच्या संपादकाला वकील मिळतो. शब्दाखेरीज ज्याच्याजवळ दुसरे हत्यार नाही त्याचा शब्द गुन्हा ठरला की तो निःशस्त्र होतो. मासवणवरून वाहणाऱ्या सूर्येचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाते. इथल्या शेताला त्यातले किती मिळावे, हा वाद जुना आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. २०२४ मध्ये मंजुरी मिळालेल्या वाढवण बंदराला किनाऱ्यावरील गावांचा विरोध आहे. या प्रश्नांत कोणाची बाजू बरोबर, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की यांपैकी प्रत्येक तक्रार कोणाला तरी 'त्रास' देणारी आणि कोणाची तरी 'गैरसोय' करणारी आहे. त्रास हाच गुन्हा ठरता तर प्रत्येक तक्रारदार आरोपी झाला असता.

आणि धोका केवळ कायद्यापासून असतो असेही नाही. ६६-अ गेले तरी ५०५ (२) आहेच. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात नांदते आहे. त्याचा योग्य उपयोगही आहे. पण पालघरच्या त्या रात्री पोलिसांनी केलेला हिशेब कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता. एक मुलगी आणि एक जमाव समोरासमोर आले आणि शांतता राखण्याचा सोपा मार्ग म्हणून मुलीला आत घेण्यात आले. जमावाला एकदा कळले की गर्दी केली की समोरचा गजाआड जातो, तर तो गर्दी करीतच राहणार. 'भावना दुखावल्या' ही तक्रार मग दुःखातून येत नाही, संख्येच्या बळावर येते. ज्याच्यापाशी माणसे जास्त त्याच्या भावना जास्त कोमल ठरतात.

म्हणून सुधारणा केवळ संसदेत होऊन भागणार नाही. अटक करण्यापूर्वी अधिकाऱ्याने स्वतःला विचारावे की हे मत आहे की मारण्याची हाक. जमाव आला तर आधी कोणाचे दार राखायचे, हे प्रशिक्षणातच त्याच्या मनावर ठसले पाहिजे. शिक्षकांनी वर्गात हा निकाल शिकवावा. अफवा आणि मत यांतील भेद सोळा वर्षांच्या मुलाला कळतो, तो समजावून मात्र द्यावा लागतो. आणि सामान्य नागरिकाने, न पटलेल्या शब्दाला शब्दानेच उत्तर देऊन थांबावे.

१४ ऑगस्टला हुतात्म्यांपुढे आपण फुले वाहतो. २०१२ च्या त्या मजकुरातही हुतात्म्यांसाठी आपण किती थांबतो, हाच प्रश्न होता. फुले वाहताना आणखी एक प्रश्न मनाशी असावा. उद्या आपल्याच गावातील एखाद्या मुलीने काही लिहिले आणि रात्री तिच्या दारापुढे गर्दी झाली, तर ठाण्याची गाडी कोणाला उचलून नेईल? आणि त्या गर्दीत आपण असू की त्या दारापुढे?