दारूचे शिंग कोणत्या खांद्याला?

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालतात आणि गजाने ठासतात. दर बाराला दारू नव्याने मोजून घ्यावी लागते, त्यामुळे ती अंगावर बाळगण्याची सोय लागते. ही सोय म्हणजे दारूचे शिंग. रुंद बाजूला लाकडी बूच कायमचे बसवलेले, निमुळत्या टोकाला भोक पाडून त्यात काढघालीची खुंटी आणि दोन्ही टोकांना बांधलेला पट्टा, एवढाच त्याचा सरंजाम. ते उजवीकडे टांगावे की डावीकडे, काखेत की कंबरेला, पिशवीच्या पट्ट्यात की वेगळ्या, हे वरवर सवयीचे प्रश्न वाटतात. पण बंदुकीचा विस्तव कोठे असतो हे पाहिल्याशिवाय यातल्या एकाचेही उत्तर देता येत नाही. हाताची सोय त्यानंतर पाहायची.

एकोणिसाव्या शतकातल्या खानदेशात ठासणीच्या बंदुकांचा वापर करणारे निरनिराळे लोक एकाच मुलखात वावरत होते. १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा इथल्या अनेक गढ्या आणि किल्ले अरब शिबंदीच्या हातात होते. त्या काळी खानदेशात मोडणाऱ्या मालेगावच्या किल्ल्यात याच अरबांनी इंग्रजांशी कडवी झुंज दिली आणि जून १८१८ मध्ये किल्ला पडला. सातपुड्यातल्या भिल्लांचे मुख्य शस्त्र तीरकामठा होते, पण त्यांच्या नाईकांजवळ आणि त्यांना मिळालेल्या शिबंदीजवळ धुमसत्या दोरीने पेटणाऱ्या तोड्याच्या बंदुकाही असत. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि याच डोंगरांतल्या तरुणांना कवायती शिपाई केले. पुढे १८५७-५८ मध्ये काजरसिंग नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल इंग्रजांविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या खडकाळ डोंगरात मोठी लढाई झाली. काजरसिंग एकेकाळी सेंधव्याच्या घाटाच्या रखवालीवर होता, म्हणजे सरकारी चाकरी आणि बंड ही दोन्ही त्याला ठाऊक होती. या मुलखाच्या इतिहासात लढायांच्या तारखा मिळतात, हत्यारांची नावेही मिळतात. हत्यार चालवणारा माणूस दारू कशी सांभाळत होता याची नोंद मात्र क्वचितच दिसते. ती बंदुकीच्या रचनेवरून समजून घ्यावी लागते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कवायती फौजेत शिंगाचे काम कागदी काडतुसाने केले. एका बाराची दारू आणि गोळी कागदाच्या नळकांड्यात गुंडाळलेली असे आणि अशी काडतुसे चामड्याच्या तोसदानात ठेवून शिपाई ते पट्ट्याने अंगावर घेई. काडतूस दातांनी फोडायचे आणि दारू नळीत ओतायची. १८५७ चा भडका उडवायला कारण ठरलेली एन्फिल्ड रायफलची काडतुसे याच जातीची. पलटणीच्या तोसदानामागे कारखाना आणि नियमित पुरवठा असे. डोंगरात एकट्याने फिरणाऱ्याकडे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे सुटी दारू होती, म्हणून त्याला शिंग हवे होते.

शिंग या कामाला इतके योग्य का, हे पाहण्यासारखे आहे. गाईबैलांचे शिंग आतून पोकळ असते. आतले हाड भिजवून, उकळून सुटते आणि वरचे टोपण हाती येते. ते हलके असते, पाणी आत घेत नाही, पडले तरी सहसा फुटत नाही आणि दगडावर घासले तरी लोखंडासारखी ठिणगी पडत नाही. उकळत्या पाण्यात मऊ झाल्यावर रुंद तोंड गोल करता येते आणि त्यात बूच घट्ट बसते. बुचाच्या फटीत मेण भरले की दमटपणा शिरत नाही. फिक्या रंगाचे शिंग काचेच्या तुकड्याने खरवडून पातळ केले तर उजेडात धरून आत दारू किती उरली हेही दिसते. म्हशीच्या काळ्या शिंगात ही सोय नाही, शिवाय ते जाड आणि वजनदार. टोकाकडचा भाग भरीव असल्याने तिथे बारीक, सरळ भोक पाडता येते. मोगल आणि राजपूत दरबारांत हस्तिदंताच्या नक्षीदार रंजकदाण्या, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूच्या कुप्या, बनत. आज त्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांवरची हरणे पाहत राहावीशी वाटतात. पण पावसात, काट्यांत रोज वापरायला साध्या बैलाच्या शिंगाची बरोबरी त्या करू शकत नाहीत.

आत भरायची दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक यांचे दाणेदार मिश्रण. ती पेटायला एक ठिणगी पुरते. रायफलच्या एका बाराला साधारण ४ ते ५ ग्रॅम दारू लागते. शिंगात पाव किलो भरली तर पन्नास बारांची दारू माणसाच्या बरगडीला लागून लोंबत असते. उघड्यावर पेटलेली दारू भुसकन जळून जाते. बंद शिंगात तीच स्फोट करते. मालेगावच्या वेढ्यात किल्ल्यातले दारूकोठार उडून तटाला खिंडार पडले. अंगावरच्या शिंगात दारू थोडी असते, पण ते आणि माणूस यांच्यामध्ये भिंत नसते.

आता बाजूचा प्रश्न. तोड्याच्या बंदुकीत विस्तव सतत जळत असतो. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, तासन्‌तास धुमसते. चाप ओढला की तिचे पेटते टोक कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी असलेल्या, रंजकावर टेकते. बंदूक भरताना हे टोक दूर ठेवणे हीच मुख्य दक्षता. युरोपातल्या जुन्या कवायतीत शिपाई ठासताना पेटता तोडा डाव्या हाताच्या बोटांत धरी आणि दारूचे सामान उजव्या अंगाला ठेवी. १६०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याकोब दे गाइनच्या कवायतीच्या चित्रपुस्तकात ही रीत टप्प्याटप्प्याने दिसते. कारण उघड आहे: विस्तव डावीकडे, तर दारू उजवीकडे. हिंदुस्थानी बंदुकीत तोडा पुष्कळदा दस्त्याभोवती गुंडाळलेला असे, म्हणून धुमसते टोक कोणत्या हाताकडे आहे हे आधी पाहून शिंग त्याच्या विरुद्ध अंगाला घेणे हाच सुरक्षित मार्ग.

चकमकीच्या बंदुकीत हे गणित बदलते. भरताना तिथे पेटते काही नसते. घोडा पडला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या रंजकात पडतात आणि कानातून ज्वाळा आडवी उजवीकडे फुटते. ही ज्वाळा उजव्या बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याला भाजू शकते, म्हणून रांगेत अंतर राखावे लागते. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याने शिंग डाव्या काखेखाली घेतले तर मध्ये बंदुकीचा आणि स्वतःच्या अंगाचा आडोसा मिळतो. उजवीकडेच घ्यायचे असेल तर ते कोपराच्या मागे, पाठीकडे सरकवलेले हवे. पुढे लोंबणारे शिंग ठिणग्यांच्या वाटेत येते. टोपीच्या बंदुकीत तांब्याची छोटी टोपी फुटते आणि विस्तव बराच झाकलेला राहतो. तिथे दोन्ही बाजू चालतात आणि हाताची सोय पाहायला हरकत नाही. डावखुऱ्याने उजव्या अंगाला कान असलेली बंदूक वापरली तर ज्वाळा त्याच्या पुढच्या हातावरून जाते, म्हणून त्याचेही शिंग डावीकडे आणि मागेच बरे.

शिंगालाही आपली बाजू असते. एकाच बैलाची दोन शिंगे एकमेकांच्या उलट वळतात; एक अंगाला बिलगून बसते, दुसरे त्याच जागी टोक बाहेर काढून उभे राहते. म्हणून पट्टा बांधण्याआधी ते बरगडीला लावून पाहतात. पोटाचा बाक अंगाकडे, निमुळते टोक पुढे आणि किंचित वर, अशी बैठक हवी. टोक खाली राहिले तर दारूचा भार खुंटीवर येतो, भोकात दारू दडपून बसते आणि खुंटी निसटली तर सगळी मातीत जाते.

पट्ट्याची लांबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि चुकलेले शिंग बहुतेक वेळा इथेच चुकलेले असते. पट्टा फार लांब ठेवला तर शिंग मांडीवर आपटते, पळताना गुडघ्यात येते आणि वाकल्यावर पुढे झुलून नळीच्या तोंडाशी जाते. सातपुड्याच्या उतारावर बोरी-बाभळीच्या काट्यांत ते दर पावलाला अडकणार. फार आखूड ठेवला तर शिंग काखेत इतके घट्ट बसते की माप भरायला टोक तोंडापर्यंतही आणता येत नाही, आणि मग माणूस पट्टाच डोक्यावरून काढतो. दोन्हींच्या मधली जागा कोपरावरून ठरते. हात सहज वाकवला असता शिंग कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये दाबले जावे. तसे असले की चढताना, ओढा ओलांडताना, गवतात दबून बसताना नुसत्या कोपराने ते धरून ठेवता येते आणि दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहतात. पट्टा खांद्यावरून तिरपा घेतात. चामडे टिकाऊ, पण भिजून वाळले की आखडते. रुंद सुती पट्टा खांद्याला कमी काचतो आणि गाठ मारून लांबी लगेच बदलता येते.

गोळ्या, चिंध्या, गारगोटी, कान साफ करायची सुई हे सामान पिशवीत असते. शिंग त्याच पिशवीच्या पट्ट्याला बांधले तर सगळे एका हिसक्यात खांद्यावर येते, काही विसरत नाही. तरीही वेगळा पट्टा अधिक चांगला. मुक्कामाला चूल पेटली, शेकोटीभोवती माणसे बसली, कोणी चिलीम काढली, की दारू तेवढी उतरवून लांब झाडाला टांगता यायला हवी. पिशवीला जखडलेले शिंग माणूस आळसाने अंगावरच ठेवतो. कंबरपट्ट्याला दारूदाणी लावण्याची रीत अरबांत होती आणि घोडेस्वारालाही ती सोयीची, कारण दौडीत सामान उसळत नाही. पायी डोंगर चढणाऱ्याला मात्र कंबरेचे ओझे मांडीला नडते.

खानदेशात मृगापासून चार महिने पावसाचे. दमट झालेली दारू नीट पेटत नाही, आणि सोऱ्यात मिठासारखे क्षार राहिले असतील तर ती हवेतला ओलावा अधिकच ओढते. म्हणून पावसाळ्यात शिंग घोंगडीच्या आत, अंगाच्या उबेला घेतात आणि खुंटीला मेण चोळतात. घोंगडीखाली पट्टा दोन बोटे आखूड करावा लागतो, नाहीतर तिचा घोळ शिंगाला पुढे ओढतो. रंजकासाठी बारीक दारूचे छोटे शिंग वेगळे असते. कानात घालायला चिमूटभरच लागते, म्हणून ते छातीशी, गळ्यातल्या दोरीला पुरते. छोटे असल्याने ते घोंगडीआडून काढून परत झाकणेही सोपे जाते.

शिंग कोठेही टांगले तरी त्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. मागच्या बाराचा निखारा नळीच्या तळाशी धुमसत राहिलेला असू शकतो. त्यावर दारू पडली की ज्वाळा ओतणाऱ्या हाताकडे येते आणि त्या हातात उघडे शिंग असेल तर पन्नास बारांची दारू एकदम पेटते. आधी बांबूच्या, शिंगाच्या किंवा पितळेच्या मापात दारू घ्यायची, खुंटी लावायची, शिंग कोपराच्या मागे ढकलायचे आणि मगच माप नळीत उपडे करायचे. शिंग मागे ढकलण्याची ही हालचाल एका हाताने, न बघता जमली तर पट्टा बरोबर बांधला आहे असे समजावे. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत तर दर बाराची दारू आधीच वेगवेगळ्या छोट्या कुप्यांत भरून आणावी लागते. नेम धरण्याच्या जागी शिंगातून भरता येत नाही.

पुढे दारू अंगावर बाळगणेच कायद्याच्या कक्षेत आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक आणि दारू बाळगणे गुन्हा ठरवले. आज १९५९ चा कायदा लागू आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या तेराव्या कलमात आहे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

जुन्या घरांच्या माळ्यावर कधी आजोबा-पणजोबांचे शिंग सापडते. ते हलवल्यावर आत काही खुळखुळले तर त्यात दारू आहे असेच धरून चालावे, कारण कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटते. लोखंडी खिळ्याने किंवा चाकूने खुंटी उकरू नये, उन्हात तापवू नये, जवळ दिवा आणू नये. खुंटी बोटांनी सुटत नसेल तर शिंग टोकापर्यंत पाण्यात बुडवून ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. पाणी आत शिरले की सोरा विरघळतो आणि उरलेला ओला गाळ पेटत नाही. शिंग गाईबैलाचे असेल तर रिकामे करून ते घरात ठेवायला अडचण नाही. काळविटाचे असेल तर तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने वन विभागाचे मालकीचे प्रमाणपत्र लागते, आणि असे शिंग विकता येत नाही.