गारठ्यातली सायकल

नगरची थंडी कोरडी आणि बोचरी. २०२४ पासून सरकारदप्तरी आम्ही अहिल्यानगरकर झालो, पण थंडीच्या स्वभावात काही फरक पडलेला नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे हे पठार, कोरडी हवा, वर निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते. पारा सर्वांत खाली उतरतो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास. नेमकी हीच आमची सायकल बाहेर काढायची वेळ!

आम्ही म्हणजे सावेडीतल्या चौघी, पन्नाशी ओलांडलेल्या. पाथर्डी रस्त्याने चांदबिबी महालाच्या पायथ्यापर्यंत जायचे, अंगात दम असेल तर चढही चढायचा आणि परतायचे. (महाल चांदबिबीचा म्हणतात खरा, पण आत कबर आहे सलाबतखानाची.)

लोक विचारतात, थंडी वाजत नाही का? वाजते की! पण सायकलवर पाऱ्यापेक्षा वारा जास्त छळतो, आणि हा वारा आपणच पायडल मारून तयार केलेला असतो. अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या हिशेबाने ८ अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांचा गारठा जाणवतो. त्यात चढावर घाम फुटतो. उतारावर पाय थांबतात, वेग वाढतो आणि तोच घाम अंगावर गार पडतो. थंडी गाठते ती उतरताना.

जून १९८८ मध्ये इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत गाविया खिंडीवर बर्फाचे वादळ झाले. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच सायकलपटू अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत माथ्यावर सर्वांच्या आधी पोचला. पण उतारावर तो इतका गारठला, की त्याला थांबावे लागले आणि त्या दिवशी तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. हातमोजे आणि लोकरी टोपी जवळ ठेवणारा अँडी हॅम्पस्टेन पुढे ती शर्यत जिंकला.

आमच्याकडे बर्फ नाही, पण धडा तोच. जाड स्वेटर घालून निघाले की दहा मिनिटांत आतून भिजायला होते. त्याऐवजी पातळ कपडे एकावर एक घालावेत. निघताना जरा काकडले तरी चालेल. कानटोपी हवीच. पिशवीत कोरडा बनियन ठेवावा आणि घाटमाथ्यावर, उतरण्याआधी, छातीशी वर्तमानपत्राचा कागद सरकवावा. युरोपातले नामांकित शर्यतपटूही हेच करत आले आहेत. कालची पुरवणी एवढ्या कामाला नक्की येते! बूट मात्र घट्ट नकोत. दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो.

हातमोज्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. हिवाळा म्हणजे आमच्या जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि कित्येकींना मागे साधा चमकणारा कागदही नसतो. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबला जातो उशिरा, आणि दाबला गेला आहे की नाही हेही कळत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्यातली एक अशाच ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. नंतर कितीतरी वेळ ती बोलली नाही. तेव्हापासून आम्ही उजाडल्यावरच निघतो. पण आमची ही हौस. सकाळच्या शाळा-कॉलेजसाठी खेड्यांतून निघणाऱ्या पोरींना वेळ निवडता येत नाही. घरात अशी मुलगी असेल, तर तिला आधी मोजे द्या आणि सायकलच्या मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर बसवा. स्वेटरचे नंतर बघू.

राहिला प्रश्न रजईतून उठण्याचा. निश्चयाने कोणी उठते यावर माझा विश्वास नाही. आमचा नियम एकच, सकाळी फोन करून ‘आज नको गं’ म्हणायचे नाही. कोपऱ्यावर कोणी एकटी कुडकुडत उभी असेल, या धास्तीनेच पाय जमिनीला लागतात. शिवाय पौषात ज्वारी हुरड्यात आली, की ओळखीच्या एका शेतावर आगटी पेटते. गरम कणसे तळहातावर चोळायची, फुंकर मारून पाखडायची, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. हात शेकायला आगटीभोवती आमच्यासारखी बरीच मंडळी जमलेली असतात, आणि परतीचा विषय कोणीच काढत नाही.